न्यू लॅनार्कच्या आधीचा ओवेन

दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर या काळात सहकार सप्ताह असतो आणि त्या सात दिवसांत आमच्या सहकारनगरातल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक रंगीत पत्रक हमखास लागते. वर सप्तरंगी ध्वज, मध्ये थकबाकी भरण्याचे आवाहन आणि कोपऱ्यात उंच कॉलरीच्या, लांब नाकाच्या एका गोऱ्या गृहस्थाचे चित्र. खाली ‘सहकार चळवळीचे जनक रॉबर्ट ओवेन (१७७१–१८५८)’ अशी ओळ. त्याचा मृत्युदिन, १७ नोव्हेंबर, नेमका या सप्ताहातच येतो, हे पत्रक लावणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझी तीस वर्षे गेली आणि सहकार आणि लेखा या विषयांच्या शासकीय पदविकेच्या, म्हणजे जी.डी.सी. अँड ए.च्या, परीक्षेसाठी ही ओळ मीही पाठ केली होती. दोन गुणांचा प्रश्न असे. त्या उत्तरात ओवेन थेट स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क गावी, अठ्ठावीस वर्षांचा, कारखान्याचा मालक म्हणूनच जन्माला येत असे.

निवृत्तीनंतर त्याचे आत्मचरित्र सवडीने वाचले तेव्हा कळले की हा माणूस मुळात सूतगिरणीवाला होता आणि त्याच्याही आधी कापडाच्या दुकानातला पोऱ्या होता. हे आत्मचरित्र १८५७ मध्ये, म्हणजे तो वारला त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. शहाऐंशीच्या घरातला माणूस ऐंशी वर्षांपूर्वीचे सांगतो आहे, तेव्हा काही नोंदींवर लेखापरीक्षकाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे, हे ओघानेच आले. तरीही पहिल्या अठ्ठावीस वर्षांचा तो भाग मला नंतरच्या सगळ्या सिद्धांतांहून अधिक वाचनीय वाटला.

रॉबर्ट ओवेनचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्समधल्या न्यूटाउन या लहानशा बाजारगावात झाला. शनिवारवाड्यात तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. वडील खोगीर, लगाम वगैरे चामडी साज करत, जोडीला लोखंडी सामान विकत आणि गावचे पोस्टही सांभाळत. गावच्या चर्चचे हिशेबही त्यांच्याकडेच होते, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. आई शेतकऱ्याची मुलगी होती. सात भावंडांपैकी दोन लहानपणीच गेली. रॉबर्ट शेवटून दुसरा.

त्याच्या बालपणातला एक प्रसंग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे. मुले सकाळच्या शाळेतून न्याहारीला घरी पळत येत आणि सगळ्यांत आधी घर गाठण्याची या पाच वर्षांच्या मुलाला भारी हौस होती. तिकडे मुलांना पिठाची पेज दुधाबरोबर खायला देत. एके दिवशी तो धापा टाकत आला, वाडगे तयारच होते, शाळेत परत पहिले पोहोचायचे म्हणून त्याने घाईने मोठा चमचा तोंडात घातला आणि गिळला. पेज आतून कढत होती. तो जागीच बेशुद्ध पडला आणि इतका वेळ पडून राहिला की आईवडिलांनी आशा सोडली. मुलगा वाचला, पण पोट कायमचे नाजूक झाले. साधेच अन्न, तेही थोडेच, एवढेच त्याला पचत असे. कोणता पदार्थ खाल्ल्यावर आपल्याला काय होते, हे त्यामुळे त्या वयापासून त्याला रोज बारकाईने पाहावे लागले. गोष्टी नीट निरखण्याची आणि त्यांवर सतत विचार करण्याची सवय आपल्याला या अपघाताने लावली, असे ओवेन म्हणतो. म्हातारपणी माणसाला आपल्या आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण सापडते, हे मी जाणून आहे. पण ही नोंद मी खोडणार नाही, कारण पुढे एका गिरणीत त्याला जे यश मिळाले ते निव्वळ निरखण्याचे होते.

शाळा म्हणजे वाचन, लेखन आणि गणिताच्या पहिल्या चार क्रिया. सातव्या वर्षापर्यंत ते सारे येऊ लागले तेव्हा गुरुजींनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेण्याची परवानगी वडिलांकडे मागितली, आणि पुढची दोन वर्षे तो आपल्याहून लहान मुलांना शिकवत राहिला. गावातले पाद्री, डॉक्टर आणि वकील यांची पुस्तके त्याला मोकळी होती. दिवसाला एक या वेगाने तो ती संपवी आणि कादंबरीतला शब्दन् शब्द खरा मानी. धार्मिक वृत्तीच्या काही बायकांनी त्याला आपल्या पंथाची पुस्तके दिली. ती वाचून त्याची श्रद्धा वाढण्याऐवजी इतके पंथ एकमेकांवर एवढे तुटून का पडतात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो कायमचा.

नवव्या वर्षी शेजारच्या किराणा-कापडाच्या दुकानात काम सुरू झाले आणि दहाव्या वर्षी त्याने लंडनला जाण्याचा हट्ट पूर्ण करून घेतला. थोरला भाऊ विल्यम तेथे खोगिरे करण्याच्याच धंद्यात स्थिरावला होता. वाटखर्च वेगळा आणि खिशात चाळीस शिलिंग, एवढ्या भांडवलावर मुलगा श्रूजबरीहून घोडागाडीने निघाला. लंडनमध्ये भावाकडे काही आठवडे काढल्यावर लिंकनशायर परगण्यातल्या स्टॅमफर्ड गावी जेम्स मॅकगफॉग नावाच्या कापड दुकानदाराकडे त्याची सोय झाली. करार तीन वर्षांचा: पहिले वर्ष बिनपगारी, दुसऱ्या वर्षी आठ पौंड, तिसऱ्या वर्षी दहा, राहणे, जेवण आणि कपडे धुण्याचा खर्च मालकाचा. त्यानंतर आपण घरून एक पैसाही मागितला नाही, असे तो अभिमानाने नमूद करतो.

मॅकगफॉग हा स्कॉट माणूस. अर्ध्या क्राउनच्या भांडवलावर टोपलीतून फेरीवाल्याचा माल विकत त्याने सुरुवात केली होती. टोपलीचे गाठोडे झाले, गाठोड्याची घोडागाडी झाली आणि शेवटी बड्या घरच्या बायका जेथे खरेदीला येत असे दुकान झाले. माल सगळा उंची आणि नाजूक. येथे ओवेनच्या बोटांना कापड कळू लागले, आणि हे कळणे काय असते ते मी जवळून पाहिले आहे. रविवार पेठेत कापडगंजाच्या अंगाला माझ्या काकांचे लहानसे दुकान होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तेथे ताके उलगडायला आणि पुन्हा घड्या घालायला बसवत. काका व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून घेत, पण त्यांचे लक्ष बोटांकडे असे. कापडाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून ते दोनदा चोळत, खळ किती आहे ते पाहत, मग कडेचा एकच धागा ओढून त्याचा पीळ उलटा सोडवत. धागा दोन बोटांत सुटून त्याची रुई झाली की त्यांचा भाव ठरलेला असे. व्यापारी त्यावर काहीही म्हणो. ओवेनने चार वर्षे हेच केले. पुढे मँचेस्टरमध्ये ज्यांच्याशी त्याची गाठ पडली ते यंत्राकडून सुताकडे आलेले लोक होते. हा मात्र गिऱ्हाइकाच्या हातातल्या कापडाकडून मागे मागे सरकत सुतापर्यंत पोहोचला. माझ्या मते त्याच्या साऱ्या धंद्याची किल्ली येथे आहे.

दुकान साधारण दहा ते चार एवढाच वेळ गजबजलेले असे. मालकाचा ग्रंथसंग्रह चांगला होता आणि दिवसातले पाच-पाच तास वाचनाला मिळत. सकाळी लवकर उठून गावालगतच्या बर्ली पार्कच्या झाडांखाली तो पुस्तक घेऊन फिरे. रविवारी आणखी एक गंमत असे. मॅकगफॉग स्कॉटलंडच्या चर्चचा, बायको इंग्लंडच्या चर्चची; म्हणून सकाळी एका देवळात आणि दुपारी दुसऱ्यात, आणि हा पोरगा दोन्हीकडची प्रवचने ऐकून तुलना करत घरी येई. नवरा-बायकोत मात्र त्यावरून कधी भांडण झालेले त्याने पाहिले नाही.

त्यानंतरची नोकरी अगदी उलट्या तऱ्हेची होती. लंडन ब्रिजपाशी फ्लिंट अँड पामर यांचे दुकान रोखीने आणि कमी नफ्यावर चाले, त्यामुळे गर्दी अफाट. पगार वर्षाला पंचवीस पौंड आणि राहणे-जेवण. सकाळी आठला दुकानात हजर राहायचे ते केशभूषा पूर्ण करून: केसांना पोमेड आणि पावडर, दोन्ही बाजूंना मोठमोठे कुरळे वळसे आणि मागे ताठ वेणी. न्हावी एकच, मुले अनेक, त्यामुळे पहाटेपासून रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहायची. रात्री गिऱ्हाईक गेले तरी दिवसभर उलगडलेला माल जागेवर लावता लावता दोन वाजत, आणि मग जिन्याच्या कठड्याला धरून अंग वर ओढत खोलीत जायचे. पाच तासांची झोप मिळे. माणसाकडून किती तास काम घ्यावे, या विषयावर ओवेनने पुढे पुष्कळ लिहिले. पण तो कठडा त्याच्या हाताला आधीच माहीत होता.

तेथून तो मँचेस्टरला सॅटरफील्ड यांच्या दुकानात वर्षाला चाळीस पौंडांवर आला. बायकांच्या टोप्यांना आकार देण्यासाठी लागणारी तार त्या दुकानाला जोन्स नावाचा कारागीर पुरवत असे. सूत कातण्याची नवी यंत्रे आपण करू शकतो, फक्त शंभर पौंड हवेत, असे जोन्स सांगू लागला. ओवेनने भावाला पत्र लिहून शंभर पौंड मागवले आणि निम्म्या नफ्याचा भागीदार झाला. वय अठराच्या आसपास.

ती यंत्रे म्हणजे ‘म्यूल’. हारग्रीव्ह्जच्या जेनीतील सरकता गाडा आणि आर्कराइटच्या पाण्यावर चालणाऱ्या चरकातील रुळांच्या जोड्या, या दोहोंचा मेळ सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये बोल्टन येथे घातला. दोन जातींचा संकर म्हणून त्याला म्यूल, म्हणजे खेचर, हे नाव पडले. रुळ कापसाची सैल वात ताणून बारीक करत, गाडा मागे सरकताना तिला आणखी ताण आणि पीळ देत असे, आणि गाडा परत येताना तयार सूत चात्यांवर गुंडाळले जाई. मलमलीला लागते तसे एकसारखे, तलम सूत यंत्रावर प्रथम निघाले ते यामुळे. आपल्याकडच्या मलमलीवरून इंग्रजीत ‘मल’ हा शब्द गेला, आणि मागोमाग धंदाही तिकडे जाऊ लागला, तो याच वर्षांत.

लवकरच चाळीस कारागीर कामाला लागले. लाकूड, लोखंड, पितळ सगळे उधारीवर. ओवेनला यंत्रातले काहीही कळत नव्हते आणि जोन्सला हिशेबातले. आपण प्रत्येक विभागात जाऊन कामाकडे मोठ्या जाणतेपणाने पाहत असू, प्रत्यक्षात काही कळत नसे, पण पाहता पाहता कळू लागले, अशी कबुली ओवेन देतो. त्याच्या आत्मचरित्रात स्वतःवर हसण्याच्या जागा फार नाहीत. म्हणून ही लक्षात राहते.

काही महिन्यांतच जोन्सला पैसेवाला भागीदार मिळाला आणि ओवेनला वाटा सोडण्याच्या बदल्यात सहा म्यूल आणि सूत गुंडाळण्याची यंत्रे देऊ केली गेली. हातात पडले तीनच म्यूल. त्याने त्यावर वाद घातला नाही. एक मोठी नवी इमारत भाड्याने घेतली, बहुतेक भाग पोटभाडेकरूंना दिला आणि एका टोकाला तीन म्यूल व तीन कातणारे एवढ्यावर स्वतःची गिरणी सुरू केली. वात तयार विकत घ्यायची, सूत कातून विकायचे. आठवड्याला सहा पौंड नफा राहू लागला, म्हणजे वर्षाला सुमारे तीनशे. दुकानातला पगार चाळीस होता.

आता ड्रिंकवॉटर. पीटर ड्रिंकवॉटर हा मँचेस्टरचा गडगंज व्यापारी. तलम सुतासाठी त्याने वाफेच्या इंजिनावर चालणारी गिरणी उभारली होती, आणि तिचा व्यवस्थापक जॉर्ज ली अचानक सोडून गेला होता. सोमवारी सकाळी ओवेनला त्या जागेची जाहिरात आल्याचे कळले, त्याने टोपी घातली आणि तडक पेढीवर गेला. तू फार लहान आहेस, असे ड्रिंकवॉटर म्हणाला. ही हरकत चार-पाच वर्षांपूर्वी घेतली जात असे, आता कोणी घेईल असे वाटले नव्हते, असे या मुलाचे उत्तर. वय विचारले, येत्या मे महिन्यात वीस, असे सांगितले. आठवड्यातून किती वेळा दारू पिऊन झिंगतोस, हा पुढचा प्रश्न. आयुष्यात कधीच नाही, असे सांगताना त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि बहुधा त्या लाजण्यानेच पहिले मत बनवले. पगार किती? वर्षाला तीनशे. ड्रिंकवॉटर ओरडलाच: सकाळपासून येऊन गेलेल्या सगळ्यांच्या मागण्यांची बेरीजही एवढी होणार नाही! इतरांच्या मागणीशी मला काय करायचे, एवढे तर मी स्वतःच्या धंद्यात मिळवतो, असे सांगून ओवेनने त्याला आपल्या गिरणीवर नेले आणि वह्या दाखवल्या. नोकरी मिळाली, त्याची यंत्रेही ड्रिंकवॉटरने खरेदीच्या किमतीला घेतली.

येथे माझे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह आहे. अभ्यासक ही घटना १७९२ मधली धरतात, म्हणजे वयाच्या हिशेबात एक वर्षाची तफावत येते. शिवाय या संभाषणाला ओवेनखेरीज दुसरा साक्षीदार नाही. वह्या दाखवून पगार मिळवला, या मुद्द्यावर मात्र माझी सही आहे.

गिरणीत पुरुष, बायका आणि मुले मिळून पाचशे माणसे होती. काम समजावून द्यायला कोणी नव्हते. कापूस खरेदीपासून पगारवाटपापर्यंत सारे या विशीतल्या मुलावर. त्याने काय केले? सकाळी सर्वांच्या आधी यायचे, रात्री सर्वांच्या शेवटी कुलपे लावून किल्ल्या घेऊन जायचे आणि दिवसभर पाहायचे. विचारले तर हो किंवा नाही, एवढेच. सहा आठवडे त्याने एकही थेट हुकूम दिला नाही. कढत पेजेने लावलेली सवय ती हीच. सहा आठवड्यांनंतर त्याने सूत्रे हातात घेतली.

परिणाम सुताच्या काउंटमध्ये मोजता येतो. एका पौंड कापसातून ८४० यार्डांच्या किती लडी निघतात, तो त्या सुताचा काउंट. ली याच्या वेळी १२० पर्यंतचे सूत निघत असे, ते आपण २५० च्या पुढे आणि अखेर ३०० पर्यंत नेले, असे ओवेन सांगतो. सवयीने मी गुणाकार करून पाहिला. एक पौंड कापसाचे १२० काउंटचे सूत सुमारे ९२ किलोमीटर भरते. राजा बहादूर मिलच्या परिसरात आता लोक जेवायला जातात, पण सुताचे टोक त्या मिलजवळच्या पुणे स्टेशनाला बांधून रुळांच्या कडेने सोडत गेले तर ते कर्जतला संपेल. २५० काउंटचे सूत १९२ किलोमीटर भरते, म्हणजे तेवढ्याच कापसात ते थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटापर्यंत जाईल. अर्ध्या किलोहूनही कमी कापूस! सूत एवढे तलम करायचे तर कापूस निवडण्यातच अर्धे काम असते, आणि ते डोळे ओवेनला स्टॅमफर्डच्या गल्ल्यापाशी मिळाले होते. गठ्ठ्यांवर त्याचे नाव छापले जाऊ लागले.

ड्रिंकवॉटरने दुसऱ्या वर्षी चारशे, तिसऱ्या वर्षी पाचशे पौंड आणि चौथ्या वर्षापासून चौथाई भागीदारी असा करार लिहून दिला. पण ती वेळ येण्याआधीच मलमलीचा मोठा कारखानदार सॅम्युअल ओल्डनो याच्याशी ड्रिंकवॉटरच्या मुलीचे लग्न ठरू लागले आणि होणाऱ्या जावयाला गिरणीत परका भागीदार नको झाला. भागीदारी सोड, पगार तू म्हणशील तो देतो, असे सांगण्यात आले. ओवेनने खिशातून करार काढून शेकोटीत टाकला आणि नोकरी सोडली. ते लग्नही पुढे झाले नाही. कागद जाळण्याची ही तऱ्हा लेखापरीक्षक म्हणून मला मुळीच पसंत नाही, पण वाचताना हात क्षणभर थांबतो खरा.

मँचेस्टरच्या या वर्षांत बाकीही बरेच घडले. १७९३ मध्ये तो तेथील साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळाचा सभासद झाला. कापसावर बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा या वेल्श उच्चारांच्या तरुणाला चार वाक्ये धड जुळवता आली नाहीत. रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन तरुणाला कालवे खणण्याच्या यंत्रासाठी त्याने पैसे पुरवले. आगबोटीचे श्रेय पुढे ज्याला मिळाले तोच हा फुल्टन.

नंतर ओवेन ज्या सूतगिरणीत भागीदार झाला त्या चॉर्लटन ट्विस्ट कंपनीच्या कामासाठी ग्लासगोला जाणे-येणे सुरू झाले. तेथे डेव्हिड डेल या गिरणीमालकाची मुलगी कॅरोलाइन भेटली आणि क्लाइड नदीच्या धबधब्यांखाली वसलेल्या न्यू लॅनार्कमधल्या डेलच्याच गिरण्या दिसल्या. भागीदारांनी त्या गिरण्या साठ हजार पौंडांना, वर्षाला तीन हजार याप्रमाणे वीस हप्त्यांत घेतल्या; ३० सप्टेंबर १७९९ रोजी लग्न झाले आणि १८०० च्या जानेवारीत ओवेनने कारभार हाती घेतला. आमचे परीक्षेचे उत्तर येथून सुरू होत असे.

माणसाचा स्वभाव तो स्वतः घडवत नाही, परिस्थिती तो घडवते, हे ओवेनने पुढे आयुष्यभर सांगितले. त्याचे बालपण वाचताना प्रथम वाटते की हा तर स्वतःच्याच हिमतीवर उभा राहिलेला माणूस, हा असे कसे म्हणतो? पण पुन्हा जमाखर्च मांडला की दुसरी बाजू दिसते: गावच्या डॉक्टरांची पुस्तके, मॅकगफॉगचे कपाट आणि चारनंतरचा मोकळा वेळ, भावाचे शंभर पौंड. यातली एखादी रक्कम वगळली तर ताळेबंद जुळत नाही.

न्यू लॅनार्कमध्ये चार-पाचशे अनाथ आणि निराधार मुले कामाला होती, काही पाच-सहा वर्षांची. डेल त्यांना नीट खाऊ घाली, रात्री शिकवण्याचीही सोय होती. पण दिवसभर गिरणीत उभे राहिलेले मूल रात्री काय शिकणार? ओवेनने अशी मुले आणणे बंद केले आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर न घेता शाळेत पाठवण्याचा नियम केला. १८१५ मध्ये त्याने पार्लमेंटपुढे जो मसुदा नेला त्यातही मर्यादा दहाचीच होती. १८१९ चा कायदा झाला तेव्हा ती नऊवर आली. आपल्याकडे १८८१ चा पहिला कारखाना कायदा सातवर थांबला, आणि १८९१ मध्ये ती मर्यादा नऊ झाली. दहा हा आकडा वाचला की मला मात्र न्यू लॅनार्क दिसत नाही. श्रूजबरीच्या घोडागाडीत चढणारा, खिशातले चाळीस शिलिंग पुन्हा पुन्हा चाचपणारा मुलगा दिसतो.